दोन मशीनची तीन

दवाखान्यात त्यांना सगळे जमवूकाका म्हणत. पंखा बंद पडो नाहीतर फोन मुका होवो, काका येणार, डोकं खाजवणार आणि म्हणणार, "बघू, जमवू." वायरमन म्हणून लागलेला हा माणूस पुढे कॉम्प्युटर शिकला आणि तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीचा धनी झाला. नाही म्हणायला मात्र जन्मात शिकला नाही. भला माणूस, पण असल्या भलेपणाचा धसकाच घ्यावा.

पेशंटची माहिती कागदावरून मशीनवर न्यायचं ठरलं, तेव्हा कंपनीचा इंजिनिअर बजावून गेला होता: तीन वेगवेगळी मशीन हवीत, आणि प्रत्येकात किमान सोळा जीबी मेमरी. माहिती तिघांकडेही राहणार. एक पडलं तरी उरलेली दोन एकमेकांशी पडताळून काम रेटतात. एकटं उरलेलं मात्र तोंड उघडत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा ते गप्प बसतं.

दवाखान्याच्या साहेबांनी मशीन मंजूर केली दोन. तिसऱ्याचं काय, असं काकांनी विचारलं, तर साहेब हसून म्हणाले, तुम्ही आहात की. काका फुगले आणि त्यांनी जमवलं. एका मशीनची सोळा जीबी मेमरी आठ-आठ वाटून त्याच्याच पोटात, नुसत्या सॉफ्टवेअरने, दोन मशीन बसवली. पडद्यावर तीन हिरवे दिवे लागले, साहेबांनी पाठ थोपटली. किमान म्हणजे त्याच्या खाली जायचं नाही, हे काकांना कळत नव्हतं थोडंच? पण चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले. त्या मशीनचा पंखा अलीकडे धाप लागल्यासारखा वाजायचा. काका त्याच्याकडे पाठ करून बसत.

मग त्यांची धाकटी बहीण ऑपरेशनसाठी दाखल झाली. लहानपणी एका इंजेक्शनने तिचा गळा सुजून श्वास कोंडला होता. ते काकांनी समोर उभं राहून नोंदवून घेतलं. "दादा, तू इथे आहेस म्हणून मी बिनघोर आहे," असं म्हणून ती आत गेली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी काका तळघरात डबा उघडत होते, आणि पंख्याचा आवाज थांबला. पडद्यावरचे दोन दिवे एकदमच विझले. तिसरा हिरवाच होता, पण काहीही विचारलं तरी उत्तर येईना. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, कुणाचीच माहिती उघडत नाहीये," वॉर्डातली नर्स म्हणाली. "डॉक्टर म्हणताहेत, ऑपरेशनवाल्यांना नेहमीचं इंजेक्शन देऊन टाका."

बहिणीचा गळा सुजवणारं इंजेक्शन तेच होतं. फोन लोंबकळता सोडून काका जिना चढत सुटले. ते वॉर्डात पोचले तेव्हा बहीण गुंगीत होती आणि नर्स सुई टोचण्याआधी तिच्या दंडाला कापूस लावत होती.

"तिला ते चालत नाही," काका कसेबसे म्हणाले.

नर्सने चपापून हात मागे घेतला. काका भिंतीला टेकले. बहिणीची छाती शांतपणे वरखाली होत होती, आणि त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

नर्स शेजारच्या खाटेपाशी गेली. तिथे एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता. पलीकडे एक मुलगी, तिच्या पलीकडे आणखी कोणी, सगळी भुलीच्या गुंगीत.

"आणि यांना?" तिने विचारलं. "यांना चालतं ना, काका?"

काकांनी एकेका खाटेकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कुणाचाच भाऊ तळघरात कामाला नव्हता.