भावी फौजदार

पूर्व परीक्षेचा निकाल लागला त्याच आठवड्यात माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, गावच्या एसटी थांब्यावर फ्लेक्स लावला. वर माझा फोटो, खाली तात्यांचा माझ्याहून मोठा फोटो आणि मध्ये ठळक अक्षरांत 'भावी फौजदार'. पूर्व परीक्षा ही नुसती चाळणी असते, पुढे मुख्य परीक्षा, मग मैदानी चाचणी, मग मुलाखत, हे मी समजावून सांगत होते. तात्या म्हणाले, "पास झालीस ना? मग झालं."

मुख्य परीक्षेत मी नापास झाले. पुढच्या वेळीही झाले. तोवर फ्लेक्स थांब्यावरून उतरून तात्यांच्या गोठ्यामागे कडब्याच्या गंजीवर गेला होता. नाव मात्र उतरलं नाही. दळण आणायला गेले तरी कुणीतरी विचारायचंच, "फौजदारीणबाई, आमची कोंबडी गेलीय, तक्रार घेता का?"

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या कॉलेजला वडिलांचा नकार होता. तो तात्यांनीच मोडून काढला आणि मोटारसायकलवर मागे बसवून मला नगरला नेलं. हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणून तर त्यांचा शब्द इतका लागायचा. तिथेच सावेडीत आम्ही तिघी मुली एका खोलीत राहून अभ्यास करायचो. सकाळी मैदानावर धावण्याची वेळ जरा सुधारली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा होती तिथेच. मग डोक्यात तात्या सुरू व्हायचे. तुझ्यानं होत न्हाई, लोकांच्या पोरी संसाराला लागल्या. आवाज त्यांचा, पण बोलणारी मीच, आणि मी त्यांच्यापेक्षा वाईट बोलायचे. तात्या निदान जेवणापुरते तरी बोलायचे थांबायचे.

एकदा खोलीतली एक मुलगी थोडक्या गुणांनी नापास झाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिला चहा करून दिला आणि म्हटलं, "आज काही करू नको. उद्या बघू." कप विसळताना लक्षात आलं, हे वाक्य मी स्वतःला कधीच म्हटलं नव्हतं. रडू नाही आलं. तात्यांची चीड आली.

त्यानंतर तात्यांच्या मुलीचं लग्न निघालं, पारनेरला कार्यालयात. ती माझ्याहून लहान. मी आत शिरताच तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"तिसऱ्या रांगेत पाव्हनं बसलंय, तुझ्यासाठी बोलावलंय. पोरगं पतसंस्थेत हाय. त्यांना शिकलेली चालती, परीक्षा देनारी चालत न्हाई. सत्काराला तुझं नाव पुकारलं की माईकवर सांगून टाक, परीक्षा बंद केली म्हनून."

"तात्या, मुख्य परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"लई झाल्या तुझ्या परीक्षा. तुझ्यापायी मला थांब्यावर उभं राहता येत न्हाई. चार लोकांत बोल, म्हंजे परत फिरता येनार न्हाई."

तेव्हा मला तो फ्लेक्स कळला. आधी चार लोकांत बोलून टाकायचं, मग ज्याच्याविषयी बोललो त्याने ते निस्तरायचं.

आमच्याकडे मंगलाष्टकांआधी सत्कार चालतात. टोप्या, उपरणी, नारळ. माईकवाल्याला आवरणारं कुणी नसतं आणि लोकांच्या मुठीत अक्षता घामेजून जातात. "आता आपल्या गावची लेक, भावी फौजदार," असं त्याने पुकारलं, तसं मागून कुणीतरी म्हणालं, "आजून भावीच का?" हशा पिकला. माझे वडील हातातल्या अक्षतांकडे बघत राहिले.

तात्यांनी माझ्या हातात नारळ दिला, मग माईक दिला, आणि हसऱ्या चेहऱ्याने शेजारी उभे राहिले.

"मी फौजदार झालेले नाही," मी म्हणाले. "मुख्य परीक्षेत दोनदा नापास झाले. पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे. मला वेळ लागतोय. होईपर्यंत मला भावी म्हणू नका. नवरा-नवरीला शुभेच्छा."

माईकवाल्याने घाईने पुढचं नाव घेतलं. तिसऱ्या रांगेत दोन-तीन खुर्च्या सरकल्या आणि पाहुणे अक्षतांना न थांबता जेवणाकडे निघाले.

तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "माझं नाक कापलंस. माझ्या दारात यायचं न्हाई परत."

"बरं," मी म्हणाले. लग्न लागल्यावर मी पंगतीत बसून पोटभर जेवले. बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर वेळ आणखी वाईट आली. बुंदी नडली असावी. बघ, म्हनलं हुतं, असं डोक्यात सुरू झालंच. मी बूट काढले, खोलीवर आले, एकटीपुरता चहा टाकला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली. मोठ्याने म्हणाले, "आज पळणं एवढंच. उद्या बघू." मैत्रिणीने पांघरुणातून डोकं काढून विचारलं, "कुणाशी बोलतीस गं?"

चहा संपवून मी पुस्तक उघडलं. तात्यांशी मी अजून बोलत नाही.