जुन्यांत नवी

लातुरात मी ज्यांच्या ई-रिक्षातून बाजारात जातो, त्या मामांचं नाव मला अजून ठाऊक नाही. चढ आला की ते हँडलवर हलकी थाप मारतात आणि सीटखालच्या चार बॅटऱ्यांना म्हणतात, "चला बायांनो."

एकदा त्यांतली एक कमजोर झाली, तशी गाडीच चढावर थांबायला लागली. दुकानदार नवी बॅटरी काढायला निघाला, तर मामांनी हात आडवा धरला. "चारी एका तारेत हायेत. जुन्यांत नवी जोडली की जुन्या सुधरत न्हाईत, नवीच लवकर खंगती." मग दुकानामागच्या ढिगातून त्यांनी बाकी तिघींच्या वयाचीच एक शोधून काढली.

मामांच्या घरात आई, मावशी, आत्या अशा तीन म्हाताऱ्या, तिघीही फटकळ. या उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं. महिन्याच्या आत मामांनी नव्या जोडप्याचं सामान स्वतःच रिक्षात भरलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या खोलीवर नेऊन ठेवलं.

स्टँडवर कुणीतरी बोललंच, "सुनेनं घर फोडलं की हो, मामा."

मामा सीट उचलून बॅटऱ्यांचं पाणी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला कशाला बोलायलास? वायर मी काढलो."