नारूच्या पुस्तकाचं पारायण

आमच्या गावात पुस्तकाला पाय लागला की माणूस खाली वाकतो, पुस्तकाला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. मीही लहानपणापासून तेच केलं. आता माझं वय झालंय. घरात भिंतीला लागून पुस्तकांची रास आहे, आणि कुणी येऊन त्या राशीपुढे हात जोडले की माझं डोकं सणकतं. अरे, हात कसले जोडता? उघडून बघा की आत काय आहे! लोक हसतात, म्हातारा तिरसट आहे म्हणतात. आहे मी तिरसट. का आहे, ते ऐका.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडे, आडबाजूला. राज्य निजामाचं, आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. शाळा चौसाळ्याला, आणि तीही उर्दूतली. मराठी अक्षरं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओट्यावर राख पसरून मला गिरवायला लावली. दोन्ही लिप्या हाताला लागल्यावर मी सुटलोच. गुळाच्या ढेपेला गुंडाळून आलेला कागद मी वाचायचो, जुनं पंचांग वाचायचो. मास्तरांकडून उर्दू किस्से मागून आणायचो. एकदा गुरांच्या दुखण्यांचं एक फाटकं पुस्तक मिळालं, ते तर पाठच झालं. माय म्हणायची, "ह्याला भाकर नगं, कागद चारा."

वाचायचो आणि करूनही बघायचो. एका पुस्तकात होतं की बियाण्यात राख कालवली की किडा लागत नाही. केलं, खरं निघालं. दुसऱ्यात होतं की अमक्या वारी अमक्या दिशेला निघालं की काम होत नाही. मी मुद्दाम त्याच वारी निघालो, काम झालं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पुस्तकंही थापा मारतात. घरात एकच पुस्तक असलं की त्याचा देव होतो. दहा असली की ती आपसात भांडायला लागतात, आणि मग माणसाला स्वतःचं डोकं चालवावंच लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या भांडणातूनच मी शिकलो.

आता अक्काचं सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला तलवाड्याकडच्या एका घरात दिली होती. कामाला वाघीण, पण दर उन्हाळ्याला तिच्या पायातून नारू निघायचा. हल्लीच्या पोरांना नारू ठाऊक नाही, बरंच आहे. पायाला आगीसारखा फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब पांढरा किडा डोकं बाहेर काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून माणूस खाटेला खिळायचा. अक्काचा एकदा तुटला. गुडघा आखडला आणि ती लंगडायला लागली.

दाजींनी तिला गाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं. गाडीतून खालीसुद्धा उतरले नाहीत.

"पाय बरा झाला तर सांगावा धाडा," ते आबांना म्हणाले. "पुढच्या सालच्या पेरणीच्या आत न्हाई झाला, तर मी दुसरी करतो. लंगड्या बाईला घिऊन मी काय करू?"

आबांनी अक्काला हात देऊन गाडीतून उतरवलं. माझा असा संताप झाला की बैलाच्या पाठीवर पडणारी काठी दाजींच्या पाठीत घालावी वाटलं. अक्का मात्र रडत राहिली. तिला परत जायचं होतं. तिचं घर ते होतं, तिच्या हातानं सारवलेलं.

त्याच दिवसांत मी बैल घ्यायला नगरच्या बाजारी गेलतो. तो इंग्रजी मुलूख, तिथं मराठी पुस्तकं रस्त्यावर मांडून विकायची. ढिगात एक बारकं पुस्तक दिसलं, नारूवरचं. उभ्या उभ्याच वाचून काढलं आणि घेतलं. परत येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं ते उलटंपालटं केलं. मोगलाईत छापील मराठी कागद दिसला की सरकारी माणूस आधी संशय घ्यायचा.

"किसके खिलाफ है ये?" त्यानं दरडावून विचारलं.

"किड्यांच्या," मी म्हणालो. सोडलं बापड्यानं.

पुस्तकात लिहिलेलं अगदी साधं होतं. नारू पाण्यातून येतो. नारू निघालेला पाय पाण्यात बुडवला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. तेच पाणी कुणी प्यालं की सालभरानं त्याच्या अंगातून नारू निघतो. म्हणून आजारी माणसानं पाण्यात उतरू नये, आणि सगळ्यांनी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यावं. बस्स.

आमच्या गावाला पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून थेट पाण्यात जायचं आणि घागर बुडवायची. नारूचा पाय ठणकायला लागला की माणसं त्याच पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडायची, कारण गार वाटायचं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही स्वतःच्या हातानं, नव्हे पायानं, पाण्यात नारू पेरत होतो आणि वर देवीचा कोप म्हणून नारळ फोडत होतो!

घरी येऊन मी अक्काला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फडकं कसलं पायजे? धोतराचं चालंल का?" त्याच संध्याकाळी आबांचं जुनं धोतर फाडून तिनं घागरीच्या तोंडाला दुहेरी बांधलं.

मग मी देवळात गेलो. पोथी वाचणारे बुवा तिथं बसलेले, गाव त्यांचं ऐकायचं. मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवून सगळं समजावलं. बुवांनी पानं चाळली आणि मान डोलावली. म्हणाले, "लई चांगला ग्रंथ हाय. श्रावणात लावू."

मला वाटलं, जिंकलो! कपाळ माझं.

श्रावणात त्यांनी खरंच ते पुस्तक लावलं. चौरंगावर लाल फडक्याच्या बासनात गुंडाळून ठेवलं. हळद, कुंकू, बुक्का, फुलं वाहिली. बुवांनी पोथीच्या चालीवर, गळा काढून, पाणी गाळण्याचा भाग म्हटला. बायाबाप्ये हात जोडून माना डोलवत होते. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. वाचन संपलं की पोथीची आरती, आणि आरती झाली की हेच लोक उठून बारवेच्या पायऱ्या उतरायचे आणि ठणकणारे पाय पाण्यात सोडायचे. मी पायरीवर उभा राहून ओरडायचो, "अरे, आत्ताच काय ऐकलंत?" एक जण शांतपणे म्हणाला, "ऐकलं की रं आमी. अजून काय पायजे तुला?"

ऐकलं! ऐकलं म्हणजे झालं. पुण्य पदरात पडलं, आता पुस्तकानं त्याचं त्यानं बघून घ्यावं. इतका राग मला दाजींचाही आला नव्हता. दाजी निदान उघड नालायक होते.

समाप्तीच्या दिवशी तीर्थाचा पहिला मान अक्काला दिला, कारण नारूची पोथी आणि नारूची रोगी. तीर्थ बारवेचं, तसंच, बिनगाळलेलं. तीर्थ नाकारणं म्हणजे देवाला लाथ मारणं. सगळा गाव बघत होता. अक्का लंगडत पुढं झाली, उजवा हात पुढं केला, आणि डाव्या हातानं पदर दुहेरी करून तळहातावर धरला. "घाला," ती म्हणाली.

"देवाचं पाणी गाळतीस?" बुवा कडाडले.

"तुमीच वाचलं न्हवं का?" अक्का म्हणाली.

गलका झाला. कुणी तिला सटवी म्हणालं. आबांनी मला कवेत धरून ठेवलं होतं, नाहीतर त्या दिवशी मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं. पण तीर्थ पदरावर पडलं आणि गाळूनच तिच्या हातात आलं.

पुढचा उन्हाळा आला. गावात घराघरांत काड्या गुंडाळणं चालू झालं. आमच्या घरात एकही नारू निघाला नाही. अक्काचा गुडघा तेलपाण्यानं मोकळा झाला, ती डोक्यावर घागर घेऊन सरळ चालायला लागली. गाव म्हणालं, पोथी पावली! ज्यांच्या पायातून किडे लोंबत होते ते म्हणाले, पोथी पावली! मी पुस्तक परत मागायला गेलो तर बुवा म्हणाले, देवळातली पोथी घरी नेत न्हाईत. कोनाड्यात ते लाल बासन होतं, आणि कुंकवानं पानं एकमेकांना चिकटली होती.

आबांनी सांगावा धाडला, आणि पेरणीच्या तोंडावर दाजी आले. त्यांच्याही नडगीला चिंधी, चिंधीत काडी. अक्का नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून तयार होती. निघताना ती म्हणाली, "एकच म्हननं हाय. तिकडं रांजणाला फडकं बांधू द्या."

"आमचं पानी काय इटाळलंय का?" दाजी उसळले. "बायकूनं सांगावं आन्‌ घरानं ऐकावं व्हय? चल मुकाट्यानं."

"मंग मी न्हाई येत," अक्का म्हणाली, आणि तिनं गाठोडं सोडलं.

माय छाती पिटायला लागली. दाजी शिव्या घालत निघाले ते आधी देवळात गेले. लाल बासनापुढे डोकं टेकलं. मग लंगडत बारवेच्या पायऱ्या उतरले, चिंधी सोडली आणि पाय पाण्यात घातला.

अक्का घागर घेऊन माझ्यासोबत वरच्या पायरीवर आली होती. तिनं ते बघितलं. त्या दिवसापर्यंत नवऱ्याशी मान वर करून न बोललेली माझी बहीण, तिनं घागर खाली ठेवली आणि बारव घुमेल एवढ्यानं ओरडली, "पाय काढा पान्यातनं! अवं, काढा पाय! लेकरं पित्यात हितलं!"

बारवेवर माणसं होती, एकूणएक पोथी ऐकलेली. सगळी तिच्याकडं बघत राहिली, कुणी दाजींना उठवलं नाही. शेवटी अक्काच पायऱ्या उतरली, दंडाला धरून तिनं दाजींना ओढून वर आणलं आणि चिंधी त्यांच्या हातात दिली.

ते गेले. त्यांनी दुसरी केली. अक्का परत आमच्याच घरात राहिली.