माळकऱ्याने काढलेली मासोळी

चित्र कसं बघायचं हे मला तुमसरच्या कॉलेजात आमच्या मराठीच्या मॅडमनी शिकवलं. चित्रकला हा त्यांचा विषय नव्हता. पण अभ्यासक्रम संपला की त्या घरून चित्रांची जाड पुस्तकं पिशवीत घालून आणायच्या आणि एकेक पान उघडून वर्गभर फिरवायच्या. लगेच छान म्हणू नका, आधी आपल्याला किती वेळ बघावंसं वाटतं ते बघा, असं त्यांचं सांगणं असे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे मॅडम जे सांगतील ते मी जसंच्या तसं गावी घेऊन जायचे. ते लागू करून बघायला आमच्या गावात एकच चित्रकार होता.

त्यांना सगळे पेंटरभाऊ म्हणतात. घरची धानाची शेती आहे, आणि धान कापून झालं की ते डबे-ब्रश घेऊन बाहेर पडतात. राईस मिलच्या दारावरची लक्ष्मी त्यांची. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागचे सिंह त्यांचे. जंगलाच्या रस्त्यावरच्या चहाच्या दुकानावर एक वाघ आहे, तोही त्यांचाच. या सर्वांचा डोळा एकच आहे: लांबट, काजळ घातलेला, पापण्यांसकट. लक्ष्मीला शोभतो. वाघाला शोभतो असं म्हणता येणार नाही, पण त्या दुकानावर चहा पिणारा माणूस पाठ वाघाकडे करून बसत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायांनी खरा वाघ पाहिलेला असतो. त्यांचं म्हणणं, खरा वाघ आपल्याकडे इतका वेळ पाहत नाही.

पण त्यांचं मुख्य काम म्हणजे लग्नाची भिंत. आमच्याकडे लग्नघराच्या समोरच्या भिंतीला चुना मारून तिच्यावर चित्र काढतात. दाराच्या दोन्ही बाजूंना भालेवाले द्वारपाल, त्यांच्या पलीकडे सोंड उचललेले हत्ती, वर कलश आणि मोर, आणि मधोमध शुभविवाह लिहून नवरा-नवरीची नावं. पेंटरभाऊंकडे हत्तीचा पुठ्ठ्याचा खाका आहे. एका बाजूचा हत्ती काढून झाला की ते खाका उलटा करतात आणि दुसऱ्या बाजूचा हत्ती तयार होतो. द्वारपाल मात्र ते हाताने काढतात. हे द्वारपाल दारातून येणाऱ्याकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. दोघांचं काहीतरी बोलणं चालू होतं आणि तुम्ही आलात म्हणून थांबलं, असं वाटतं. मॅडमच्या पुस्तकातल्या चित्रांपैकी काहींसमोर मी बराच वेळ थांबले होते, पण मी त्यांच्या बोलण्यात व्यत्यय आणला असं एकाही चित्राने मला वाटू दिलं नाही.

माझं लग्न ठरलं ते बपेऱ्याकडच्या घरी. दोन्ही घरं मासेमारीचीच. फरक इतकाच की आम्ही तलावावरचे आणि ते नदीवरचे. हा फरक बाहेरच्याला कळणार नाही. आम्ही तलावात बीज सोडतो, वाढवतो आणि मग जाळं टाकतो. नदीवाले म्हणतात की नदीत कोणी काही सोडत नाही, तिथे शोधावं लागतं. साखरपुड्याच्या जेवणात माझे काकासासरे, म्हणजे नवरदेवाचे मोठे काका, बाबांच्या शेजारीच बसले होते. आमच्या तलावातली रोहू ताटात होती. ती संपवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चव चांगली आहे जी. पण ही पाळलेली मासोळी. थाळी वाजवली का येते, कोंबडीवानी."

पंगत हसली. बाबाही हसले आणि त्यांनी आणखी भात मागून घेतला. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट बसली. वरात आमच्या दारात येईल तेव्हा त्यांना त्या माणसासमोर ताठ उभं राहता आलं पाहिजे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ते पेंटरभाऊंकडे गेले आणि म्हणाले की या वेळी भिंतीवर मासोळी पाहिजे, चांगली वासराएवढी.

पेंटरभाऊ माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा बेतानेच. आमच्याकडचा चहा ते घेतात, पण कप आधी हुंगून घेतात, आणि त्याचं आमच्याकडे कोणाला वाईट वाटत नाही. त्यांनी बाबांना हो म्हटलं. हत्ती त्यांनी कुठे जवळून पाहिला होता? तरी हत्ती येतच होता. मासोळीही येईल, असं त्यांना वाटलं असावं.

हळदीच्या दिवशी सकाळी ते आले. हळद लागली की नवरीने उंबरठा ओलांडायचा नसतो, म्हणून मी मधल्या खोलीत पाटावर बसले होते आणि माझ्या लग्नाची भिंत माझ्यापासून एका भिंतीपलीकडे तयार होत होती. पुढे जे झालं ते मला आत्याने सांगितलं. ती दर थोड्या वेळाने आत येऊन बातमी द्यायची आणि पुन्हा बाहेर पळायची. पहिली बातमी अशी की द्वारपाल सुंदर झाले, हत्ती झाले, नावं लिहून झाली, माझ्या नावापुढे बी.ए. लिहिलं आणि नवरदेवाच्या नावापुढेही लिहायचं ठरलं, कारण भिंत एका बाजूने रिकामी दिसत होती. दुसऱ्या बातमीला ती आत आली आणि माझ्या पायाला हळद चोळत बसली. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मासोळी झाली."

मासोळीचे खवले उलटे होते. सगळ्या मासोळ्यांचे खवले डोक्याकडून शेपटीकडे जातात. पेंटरभाऊंनी ते शेपटीकडून डोक्याकडे नेले होते. शिवाय तोंड माणसाचं, आणि डोळा तो नेहमीचा, काजळ-पापण्यांसकट. हत्तीची सोंड गावात कोणालाच तपासता येत नाही. पण आमच्या मोहल्ल्यात रांगायला लागलेलं लेकरूसुद्धा मासोळीवरून हात फिरवतं, आणि उलटा फिरवला की ओरखडतं. थोड्याच वेळात सगळा मोहल्ला भिंतीसमोर गोळा झाला.

ती पुसून नवी काढावी तर पंचाईत होती. भिंतीवर नवरा-नवरीची नावं एकदा लिहिली की नवरी सासरी जाईपर्यंत त्या भिंतीवरचं काही पुसत नाहीत. चूक असली तरी राहू देतात. एका लग्नात मोराला तीन पाय झाले होते, आणि ते तिन्ही पाय लग्न लागेपर्यंत राहिले. पेंटरभाऊंनी नावं आधी लिहिली होती, मासोळी नंतर. त्यामुळे आता फक्त भर घालता येत होती.

आत्याने एक उपाय सुचवला. खवले उलटे आहेत, तर शेपटीचं डोकं करा आणि डोक्याची शेपटी. पेंटरभाऊंनी विचार केला आणि विचारलं की मग शेपटीला डोळा राहील, त्याचं काय. डोळ्यावर रंग लावून तो झाकता येईल का, हा प्रश्न आईकडे गेला. आईने निर्णय दिला की पुसणं वेगळं आणि झाकणं वेगळं, पण लग्नघरी कोणाचा डोळा बंद करायचा नाही. डोळा राहिला, आणि डोकंही होतं तिथेच राहिलं.

मग लोकांनी आपापलं ज्ञान द्यायला सुरुवात केली. मरळ धरण्यात ज्यांचा हात आहे त्यांनी अंगावर ठिपके घालायला लावले. शिंगाडा नावाचा मिशीवाला मासा विकणाऱ्यांनी मिशा मागितल्या, म्हणजे माणसासारखं तोंड जरा लपेल. कोणाला सापासारखी लांब वाम आवडते म्हणून शेपूट लांबवली, ती हत्तीच्या पायांखालून पलीकडे गेली. उलट्या खवल्यांवर पाण्याच्या लाटा काढल्या, तर खवल्यांमधून पाणी वाहतंय असं दिसायला लागलं. पेंटरभाऊ कोणालाच नाही म्हणत नव्हते. माणूस सांगायचा, ते ब्रश बुडवायचे. आत्या म्हणाली की ते घाबरलेले दिसत नाहीत, उलट त्यांना मजा येत असावी, कारण त्यांनी तीन वेळा मागून चहा घेतला आणि एकदाही कप हुंगला नाही.

संध्याकाळी बाबा आत आले. माझ्याजवळ भिंतीला टेकून बसले. अंगावर हळदीच्या दिवशीचा नवा सदरा होता आणि त्यावर हिरव्या रंगाचा एक ठिपका.

"नाई जमलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, राहू द्या.

"तू शिकली आहेस. चित्राची पुस्तकं पाहिली आहेस. पुस्तकात अशी मासोळी असते का?"

मी न पाहिलेल्या चित्राबद्दल काय सांगणार? मी म्हटलं की पुस्तकात याहून वेगळ्या गोष्टी असतात, आणि लोक त्यांच्यासमोर पैसे देऊन उभे राहतात.

"ते बाहेरचे लोक असतीन. उद्या येतीन ते मासोळीतले आहेत." थोडा वेळ त्यांनी सदऱ्यावरचा ठिपका नखाने खरवडला. "हासतीन ते, बाई."

बाबा उठून मांडवाच्या डहाळ्या बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरात आली. मी आत बाशिंग बांधून बसले होते. बँडचा आवाज वळणापासून वाढत वाढत आला आणि आमच्या दारात येऊन एकदम थांबला. बँड दारात थांबत नसतो, दारात तर तो सगळ्यात जोरात वाजतो. मला वाटलं, संपलं. आई देवाजवळ गेली. आत्या बाहेर धावली आणि बराच वेळ आत आलीच नाही, त्यामुळे माझी खात्रीच झाली.

ती आली तेव्हा धाप लागली होती. म्हणाली की कोणी हसत नाही, सगळे भिंतीजवळ उभे आहेत. वरातीत एक खूप म्हातारे आबा होते, नवरदेवाच्या आजोबांचे चुलतभाऊ. ते भिंतीपाशी थांबले आणि त्यांनी बँड बंद करायला लावला. ही मासोळी त्यांनी लहानपणी पाहिली आहे असं ते म्हणाले. नदीच्या डोहात असायची, वर धरण झाल्यावर गेली. काकासासरे म्हणाले की अशी मासोळी नसते. आबांनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "तुह्या वेळेले नदी राहिलीच किती होती?"

मग नदीवाल्यांमध्येच दोन बाजू पडल्या. मिशांवरून एकाने नाव सांगितलं, शेपटीवरून दुसऱ्याने. ठिपके पावसाळ्यात येतात असं कोणी म्हटलं. खवले उलटे आहेत हे काकासासऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते बोटाने दाखवलं, तर आबा म्हणाले की धारेविरुद्ध चढणारीचे तसेच असतात, तू कधी चढताना पाहिली का. मुहूर्त जवळ येत होता. नवरदेव जीपमध्ये बसून होता, त्याला उतरवायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. पेंटरभाऊ गर्दीच्या मागे उभे राहून, आत्या सांगते, हात जोडून ऐकत होते.

शेवटी काकासासरे आपल्या व्याह्यांकडे, म्हणजे बाबांकडे वळले. आता मला दारातून थेट ऐकू येत होतं, कारण सगळे गप्प झाले होते.

"तुम्हीच सांगा ना जी, इवाई. कोणती मासोळी ही?"

खोटं बोलायची बाबांना सवय नाही, आणि खरं सांगायचं तर त्या मासोळीला एका माळकरी पेंटरचंच नाव द्यावं लागलं असतं.

"तलावातली तं नोहे," बाबा म्हणाले. "नदीतली असन तं तुमाले मालूम."

'मला ठाऊक नाही' असं म्हणायला नदीवाल्यांपैकी एकही तयार नव्हता. काकासासरे म्हणाले की हो, आहे, असते, कमी झाली आहे. बँड पुन्हा सुरू झाला आणि कोणीतरी नवरदेवाला उतरवलं.

लग्न मागच्या अंगणातल्या मांडवात लागलं, त्यामुळे मी ती भिंत पाहिली ती सासरी निघताना. नवरीने दारात रडायचं असतं, आणि मी रडतच बाहेर आले, पण मासोळी दिसल्यावर ते राहून गेलं. लग्नाच्या व्हिडिओत ते तसंच आलं आहे: बाया माझ्या गळ्यात पडून रडताहेत आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघते आहे. ती मासोळी रोहू नव्हती, मरळ नव्हती, कुठलीच नव्हती. मोहल्ल्यातल्या प्रत्येकाने आयुष्यभर जी मासोळी धरली ती तिच्यात थोडी थोडी होती. अंगातून पाणी वाहत होतं, आणि तो काजळ घातलेला डोळा इतक्या लोकांनी आपल्यात हात घातला तरी काहीच मनावर घेतलं नाही असा उघडा होता. मॅडमनी सांगितलेली कसोटी लावायची तर मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं, आणि मला हाताला धरून जीपपर्यंत न्यावं लागलं.

जीपजवळ बाबा उभे होते. काकासासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना भिंतीसमोर नेऊन फोटो काढला होता, तेव्हा भिंतीचा चुना सदऱ्याच्या पाठीला लागला होता. मी पाया पडायला वाकले. अशा वेळी बाप लेकीला जे सांगतात त्यातलं ते काही बोलले नाहीत. वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "तिकडं कोणी विचारलं तं मासोळीचं नाव सांगू नको."

मी अजून सांगितलेलं नाही.