हमाल, आणि फॉर्ममधला एक रकाना

भाषाशास्त्राच्या सरांनी आम्हाला एकेक शब्द निवडायला सांगितला. तो कुठून आला, कोणत्या भाषेत त्याचं काय झालं, हे कोशांतून शोधायचं आणि तो रोज वापरणाऱ्या एका माणसाची मुलाखत घ्यायची. मी ‘हमाल’ निवडला. का, ते कोणाला सांगितलं नाही. माझे वडील बाजारात हमाली करतात. पण पहिल्या वर्षी ओळख करून देताना त्यांचा धान्याचा व्यवसाय आहे, असं मी बोलून गेले होते. माझ्याआधी बोललेल्या तिघींचे आईवडील पुण्या-मुंबईहून इथे कंपन्यांत नोकरीला आलेले, कुकटपल्लीकडच्या नव्या सोसायट्यांत राहणारे होते. नंतर ते दुरुस्त करायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणते. खरं तर मी केलं नाही.

शब्द मात्र मोठ्या घराण्यातला निघाला. मूळ अरबी, वाहून नेणं या अर्थाच्या धातूपासूनचा. त्याच धातूचा ‘हमल’ उर्दूत म्हणजे गर्भ, तेही वाहणंच. तुर्कीत हमाल, ग्रीकमध्ये खमालिस, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत हमाली. तेलुगूत हमाली म्हणजे तो माणूस, मराठीत ते त्याचं काम आणि मजुरीसुद्धा. ऑफिसातल्या कंटाळवाण्या कामालाही आपण हमाली म्हणतो, पंख्याखाली बसून. मी हे सगळं एका मोठ्या तक्त्यात बाणांनी जोडलं. तक्ता फार सुंदर झाला होता.

मुलाखत बाबांचीच घेतली. त्यांनी मांडी घालून नीट उत्तरं दिली. पोतं आपलं आपल्याला पाठीवर घेता येत नाही, दोघं उचलून देतात, तिसरा वाकून घेतो. “वाहणाऱ्याला पोतं दिसत नसतंय,” ते म्हणाले. “पाठीलाच कळतंय तांदूळ हाय का मिरची. मिरची चावते.”

शेवटी फॉर्म भरायचा होता. इंग्रजीत. माहिती देणाऱ्याचं नाव, वय, फोन, आणि मुलाखत घेणाऱ्याशी नातं. मी त्या रकान्यात लिहीत असताना बाबांनी विचारलं, “हे काय लिहायलीस?”

खोटं सांगता आलं असतं, त्यांना इंग्रजी येत नाही. पण तोंडावर खोटं बोलवेना. लिहिलं होतं तेच मराठीत सांगितलं, “ओळखीचे.”

बाबांनी माझ्या हातून पेन घेतलं. मग खाली सही केली.

सादरीकरणाच्या दिवशी माहिती देणाऱ्यांनाही बोलवायचं ठरलं. त्या माणसाला त्या दिवशी सुट्टी नाही, असं मी सरांना सांगणार होते, पण त्यांनी फॉर्मवरच्या नंबरांवर परस्पर फोन केले होते. बाबा आले. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून, दाढी करून, दाराशी उभे राहिले. सरांनी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, फूल दिलं आणि आदराने विचारलं की आमची ही विद्यार्थिनी तुम्हाला कुठे भेटली.

मला वाटलं, आता सुटेन. बाबा बोलतील आणि सगळं संपेल.

बाबा उठले. माझ्याकडे बघितलं नाही. “मॅडम बजार में आए थे साब, सवाल पूछने. आओ बोलके बोले, तो आया.”

मॅडम म्हणजे मी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही तक्त्याजवळ उभी राहून वाजवल्या. माझ्या कामाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सर म्हणाले, शब्द माणसापर्यंत नेलास.

संध्याकाळी घरी बाबा शर्ट काढून नीट घडी घालत होते. मी म्हणाले, “बाबा, मी सांगणारच होते.”

“कधी?” त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते, दिवस ठरवून घ्यायचा असल्यासारखं. मग त्यांनी शर्ट पेटीत ठेवला आणि आईला जेवायला वाढ म्हणाले.

फॉर्म विभागाच्या कपाटात आहे. नात्याचा रकाना दुरुस्त करायला तो परत मागावा म्हणून मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा सरांना दुसरंच काहीतरी विचारून परतले.