पीशन आणि पीस-शेन

ड्रेस्डेनच्या त्या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राचा इतिहास एका फडताळात होता. बातमीदार हातात धरतात त्या, वाहिनीचं नाव लिहिलेल्या चौकोनी डोक्याच्या माइकला आपल्याकडे बूम म्हणतात. केंद्राने जोडीदार वाहिनी बदलली की बूम बदलायचा आणि जुना फडताळात जायचा. सर्वांत मागे असलेल्या बूमवर चारी बाजूंना फक्त शहराचं नाव होतं. तो सुरुवातीचा काळ. केबलवर अर्धा तास बातम्या आणि उरलेला वेळ कार्यक्रमांच्या पाट्या व संगीत.

त्याच्या पुढच्या बूमवर दोन बाजूंना शहर आणि दोन बाजूंना देशभर दिसणारी एक खासगी वाहिनी. तिच्या संध्याकाळच्या प्रक्षेपणात शहरापुरता अर्धा तास आमचा असे. या व्यवस्थेला जर्मनमध्ये फेन्स्टर, म्हणजे खिडकी म्हणतात. मोठ्या वाहिनीची गुप्तहेर मालिका रंगात आली की खिडकी उघडायची आणि खुनी कोण ते न कळता प्रेक्षकाला महापौर दिसायचे. तेव्हाचे तक्रारीचे फोन केंद्रातली जुनी माणसं चवीने सांगत. त्या काळात कॅमेरामनला ताकीद होती की बाईट, म्हणजे कोणाचं दोन वाक्यांचं बोलणं घेताना बूमची शहराची बाजू कॅमेऱ्याकडे हवी. ही करामत त्याच्या मनगटात इतकी मुरली होती की जेवताना मीठदाणीसुद्धा तो लेबल समोर करूनच ठेवायचा.

पुढे खिडकी बंद झाली. रात्रीचे तास एका खरेदी-वाहिनीला दिले गेले. तिच्यासाठी वेगळा बूम लागला नाही.

मी या केंद्रात आलो ते दोन हजार दहानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत. बायको चिपच्या कारखान्यात इंजिनियर. तिच्या नोकरीमागे पुण्याहून आलो, जर्मन शिकलो आणि पुण्याच्या न्यूजरूममधल्या अनुभवावर संध्याकाळच्या पाळीचं काम मिळवलं. बातमीपत्र सहाला लागायचं आणि रात्रीचे खरेदीचे तास सोडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दर तासाला तेच फिरत राहायचं. याला श्लाइफं, म्हणजे वेटोळं म्हणत. वेटोळं सांभाळणं हे माझं काम. काही बिघडलं तर दुरुस्त तुकडा पुढच्या फेरीत घालायचा.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. जावई जिथे काम करतो ते रोज बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मत दिलं.

"अहो, तुमच्याकडे कालचीच भाजी दर तासाला गरम करतात की."

"आजचीच असते, आई. फक्त वाढतात पुन्हा पुन्हा."

"मग ताजी म्हणून कशाला सांगता?"

त्याच उन्हाळ्यात जाळ्याचा प्रस्ताव आला. आसपासच्या शहरांतली छोटी केंद्रं एकत्र करून एका कंपनीने जाळं उभं केलं होतं. नाव एक, चिन्ह एक, जाहिराती एकत्र. जाळ्याशिवाय आमचं केंद्र फार काळ तगणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. अडचण एका कलमाची होती. सगळ्या शहरांच्या बातम्या जाळ्याच्या मुख्य स्टुडिओतून वाचल्या जाणार होत्या. आम्ही मजकूर आणि चित्रं पाठवायची, तिथली निवेदिका एकामागून एक शहरांच्या बातम्या वाचून ध्वनिमुद्रित करणार. म्हणजे आमचा स्टुडिओ बंद.

मुख्य संपादक बाईंनी हे केंद्र उभं करायला हातभार लावला होता आणि सुरुवातीची काही वर्षं बातम्याही स्वतः वाचल्या होत्या. त्यांची अट एकच होती. नाव घ्या, चिन्ह घ्या, पण बातम्या इथून वाचल्या जातील. कंपनीने एका आठवड्याची चाचणी सुचवली. आठवडा सुरळीत गेला, तर कलम तसंच राहील. बाईंनी मान्य केलं. आमच्या निवेदिकेला आठवड्याची सुट्टी मिळाली आणि स्टुडिओतले दिवे त्या सोमवारी लागले नाहीत.

सोमवार सुरळीत गेला. तिथली निवेदिका चांगली होती. आवाज स्वच्छ, घाई नाही. मंगळवारी पहिलीच बातमी आमच्या घराजवळची होती, ट्रामचे रूळ बदलण्याची. त्या भागाचं नाव Pieschen. तिथली माणसं त्याचा उच्चार पीशन करतात. पण जर्मन लिपीत त्याच अक्षरांचा पीस-शेन असाही उच्चार होऊ शकतो. शेन हा लाडाने लहान करायचा प्रत्यय, आपल्याकडच्या 'तान्हा'चं 'तान्हुला' करण्यासारखा. छोट्या लाल मुळ्याला जर्मनमध्ये रादीस-शेन म्हणतात. परगावचा माणूस त्याच वळणावर जातो आणि त्यात त्याचा दोष नसतो. आपल्या च चंही असंच आहे. 'चहा'तला वेगळा, 'चमचा'तला वेगळा, लिहायला एकच. पुण्यात बाहेरून आलेली निवेदिका चाकणचा च 'चहा'सारखा म्हणाली की न्यूजरूममध्ये सगळ्यांच्या माना एकदम वर व्हायच्या.

त्या दिवशी फाइल उशिरा आली. तपासायला वेळ नव्हता. सहा वाजले, चिन्ह फिरलं आणि निवेदिका हसून म्हणाली, पीस-शेन. मग आणखी एकदा. मग बातमीच्या शेवटी पुन्हा.

पहिला फोन माझ्या मोबाइलवर आला. सासूबाई.

"अहो, आपल्या थांब्याचं नाव बदललं का?"

"नाही, आई. का?"

"ही नवी बाई पीस-पीस काय म्हणते? मला जर्मन तेवढा एकच शब्द येतो. ट्राममध्ये तो ऐकला की मी उठते. आता उद्या उतरू कुठे?"

"तिथेच उतरा. तिचं चुकलंय."

"मग सांगा तिला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर केंद्राचा फोन थांबेना. एका आजोबांनी विचारलं, तुमची नवी बाई मुळे विकते का. एका बाईंना जाणून घ्यायचं होतं की केंद्र अजून ड्रेस्डेनमध्येच आहे का. मी उत्तर दिलं, आहे.

कॅमेरामन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. संपादक बाईही आल्या.

"हात लावू नका," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत फिरू दे. प्रत्येक तासाला शहर हसेल. त्यांचं कलम आपोआप मोडेल, तुम्हाला एक शब्द बोलायला नको."

त्याचं गणित बरोबर होतं. बाईंनी त्यावर थोडा विचार केला हेही खरं.

"प्रक्षेपणाचा परवाना कोणाच्या नावावर आहे?" त्यांनी मला विचारलं.

"आपल्या."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे चूक आपली आहे. चूक आपल्या पडद्यावर तासातासाने दाखवून मी करार जिंकणार नाही." त्यांनी मुख्य स्टुडिओला फोन लावला. तिथे कोणी नव्हतं. सगळ्या शहरांचं वाचन संपवून मंडळी घरी गेली होती. निवेदिकेचा नंबर कोणाकडे नव्हता. बाईंनी फोन ठेवला आणि कॅमेरामनला म्हणाल्या, "दिवे लावा."

"वाचणार कोण?"

"हे बघा, माझे केस कसे आहेत?"

"रेडिओसाठी उत्तम," तो म्हणाला आणि दिवे लावायला गेला.

त्या अंगावरच्या साध्या स्वेटरमध्येच बसल्या. ओठांना रंग नव्हता. कॅमेऱ्यासमोर बसून त्यांना काही वर्षं झाली होती, पण मजकूर एका दमात झाला. पीशन तीनदा आलं, तिन्ही वेळा नीट. मग त्यांनी स्वतःहून एक वाक्य जोडलं: आधीच्या प्रक्षेपणात या भागाचं नाव चुकीचं उच्चारलं गेलं, त्याबद्दल दिलगिरी. कोणी उच्चारलं, ते त्या म्हणाल्या नाहीत. सातच्या फेरीला जुना तुकडा गेला, कारण नवा अजून जोडून व्हायचा होता. आठला नवा लागला. फोन हळूहळू थांबले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे गृहस्थ आले. त्यांनी दोन्ही फेऱ्या पाहिल्या.

"आठची फेरी आम्हाला कळवल्याशिवाय बदललीत," ते म्हणाले.

"कळवायला फोन केला. कोणी उचलला नाही."

"संध्याकाळी आमच्याकडे कोणी नसतं."

"तेच म्हणतेय," बाई म्हणाल्या. "बातमी इथे संध्याकाळीच चुकते. दुरुस्त करायला माणूस, दिवे आणि कॅमेरा इथे हवा. आणि हे सगळं इथे असणारच असेल, तर चुकायच्या आधीच वाचायला काय हरकत आहे?"

गृहस्थांनी आठची फेरी पुन्हा लावून पाहिली. दिलगिरीचं वाक्य त्यांनी दोनदा ऐकलं. "आमचं नाव घेतलं नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही वाचलं, पण दाखवलं आम्ही."

चाचणीचे उरलेले दिवस झालेच नाहीत. करारात कलम बदललं. शहराच्या बातम्या शहरातून वाचायच्या, बाकीचा भाग मुख्य स्टुडिओतून यायचा. नाव मात्र गेलं. नव्या बूमवर तीन बाजूंना जाळ्याचं नाव होतं आणि एका बाजूला, लहान अक्षरात, शहर. कॅमेरामनने तो हातात घेऊन एकदा फिरवला आणि म्हणाला, "आल्झो, चला तर, मनगटाला पुन्हा काम." त्याच्या बाईटमध्ये पुढेही शहराचीच बाजू दिसली. जाळ्याकडून त्याबद्दल कधी विचारणा झाली नाही.

मुख्य स्टुडिओतली ती निवेदिका नंतर दुपारी कधीकधी फोन करायची. तिच्या वाट्याच्या बातमीत आमच्याकडचं एखादं गाव असलं की उच्चार विचारायची. एकदा मी विचारलं, मुळ्यांवरून कोणी अजून चिडवतं का. "रोज," ती म्हणाली. "आता सांगा, यातला कुठला श?"

सासूबाई शरद ऋतूत पुण्याला परतल्या. इंटरनेटवर आमचं बातमीपत्र बघायची सोय झाल्यावर त्यांनी एका रविवारी फोन केला.

"अहो, तुमच्याकडची पाटी बदलली."

"हो, आई. केंद्र आता जाळ्यात गेलं."

"बातम्या वाचणाऱ्या बाई मात्र तुमच्याच आहेत ना? थांब्याचं नाव नीट म्हणाल्या."

"आमच्याच."

"मग पुढच्या वर्षी येते," त्या म्हणाल्या. "उतरायचं कुठे ते कळेल."