साधी गाठ

मेंढरू विकत घ्यायचं तर आबा आधी त्याचा जबडा फाकवून दात बघायचे. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात माझ्या वडिलांनी आयुष्यभर जनावरांच्या तोंडात बोटं घातली. स्वतःच्या तोंडात मात्र कुणाला बघू देतील तर शपथ. गालाच्या आत वाटाण्याएवढी गाठ आल्याचं आईला कळलं, तोवर भाकरी एकाच बाजूने चावायची त्यांना सवय होऊन गेली होती.

आमच्या घरात तोंडातली गाठ म्हणजे तात्या. तात्या हे आबांचे धाकटे भाऊ. नव्वदच्या दशकात त्यांच्या गालात जखम झाली, ती भरलीच नाही, आणि डॉक्टरांनी आबांना बाहेर बोलावून कॅन्सर असल्याचं सांगितलं. आबा आत आले आणि तात्यांना म्हणाले, साधी गाठ आहे. आमच्याकडे रीतच ही. रोग्याला खरं सांगायचं नाही, धीर सुटतो म्हणे. तात्यांना पाणी गिळता येईना, तरी ते विचारत राहिले आणि ते जाईपर्यंत सगळी वस्ती त्यांना साधी गाठ, साधी गाठ म्हणत राहिली.

आबांच्या गाठीच्या वेळी मी वसमतला नांदत होते. कळल्यावर त्यांना ओढतच तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बॅटरीच्या उजेडात गाल उलटून पाहिला, गाठ चिमटीत धरून दाबली, हलवली. मऊ होती, गुळगुळीत, आसपासच्या कातडीच्याच रंगाची. दुखत नव्हती, तिच्यातून रक्त येत नव्हतं. तोंड पुरतं उघडत होतं, गळ्यापाशीही हाताला काही लागलं नाही. शेजारची दाढ तुटलेली होती आणि तिचा कोपरा नेमका तिथेच टोचत होता. घासून घासून मांस वाढलंय, बाई म्हणाल्या. तरी माणूस तंबाखू खाणारा, म्हणून त्यांनी जागा बधिर करून गाठ काढली आणि तपासायला नांदेडला पाठवली. निकाल चांगला आला.

"आजोबा, साधी गाठ होती," बाई हसून म्हणाल्या.

नेमके तेच शब्द. मी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात भर म्हणून बाईंनी मला बाहेर बोलावलं. कशाला, तर ती दाढ काढून घ्या आणि तंबाखू सोडवा, एवढंच सांगायला. हे त्यांच्यासमोर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? उघड्या दारातून आबा आम्हा दोघींकडे बघत होते.

दिवाळीच्या आत आबांनी सगळी मेंढरं तात्यांच्या पोरांना देऊन टाकली आणि ओट्यावर जाऊन बसले. गालातली जखम कधीच भरून आली होती. मी आरसा दाखवला, त्यांचंच बोट त्यांच्या गालात फिरवलं, भांडले, रडले, देवाची आण घेतली. तशा आणा त्यांनीही तात्यांसमोर घेतल्या होत्या. मी तावातावाने बोलू लागले की ते मान हलवून ऐकून घ्यायचे, आपण लहान लेकराचं ऐकतो तसं. नातवाच्या लग्नालाही आले नाहीत. धडधाकट माणूस वर्षानुवर्षं मरणाची वाट बघत बसला. मला त्यांचा संताप यायचा, अजून येतो.

शेवटी छातीत कफ साठून ते खरोखरच अंथरुणाला खिळले. एका दुपारी आई पाण्याला गेली होती, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आता तरी खरं सांग. त्योच रोग हाय न्हवं?"

मी थकले होते. नाही म्हणून म्हणून माझी जीभ झिजली होती.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. माझ्या हातावर हलकेच थोपटत म्हणाले, "लई बरं केलं बाई. माह्या भावाला म्या शेवटपोत न्हाई सांगितलं."

मग स्वतःहून पाणी मागितलं, घोटभर प्यायले आणि शांत झोपी गेले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या एकाच शब्दावर विश्वास ठेवला, आणि तेवढाच खोटा होता.